पडद्यामागचं तिकीट

१२ मार्च २०१७, रविवार

नोव्हेंबरनंतर इथे एक ओळ लिहिलेली नाही. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. वेळ होता, तो फोनवर बोट फिरवण्यात गेला. वही उघडली की स्वतःला जाब द्यावा लागतो आणि तो मला नको होता. माफ कर म्हणायला इथे माझ्याशिवाय कोणी नाही, तरी म्हणते. आज पहाटे उन्हाळ्याच्या वेळेसाठी घड्याळं एक तास पुढे गेली. विक्रम आणि राजस, दोघे बापलेक, अजून जुन्या वेळेत झोपलेत, म्हणून ही सकाळ रिकामी सापडली.

इथल्या मराठी मंडळाने सहा मेच्या शनिवारी ठेवलेल्या महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात अर्धा तास माझ्या ताब्यात दिला आहे. दरवर्षीची लावणी आणि कोळीगीत यांच्या मधला. कल्पना माझी, आधार पणजोबांच्या वहीचा. पणजोबा नेवरगाव कँपात कँटोन्मेंट कचेरीत कारकून होते, आणि १९१२ ते १९२१ गावात जे जे दिसलं ते लिहून ठेवायची त्यांना सवय होती. कोणत्या नाटक कंपनीचा मुक्काम किती दिवस, सर्कशीतला वाघ कशाने मेला, सोडावॉटरवाल्याच्या बाटल्या उन्हाने कशा फुटल्या, साहेबांचे कपडे शिवणाऱ्या शिंप्याचा भाव नेटिवांना वेगळा कसा.

त्यातला बायोस्कोपचा तंबू मी निवडला. दिवाळीनंतर मैदानात पडायचा, होळीला उठायचा. चार वर्ग. खुर्ची गोऱ्यांना आणि बड्यांना, बाक वकील-कारकून-व्यापाऱ्यांना, मग जमीन. चौथा वर्ग मागच्या दाराने येणाऱ्यांचा, पडद्याच्या मागे. पखालवाला दर रिळानंतर पडदा भिजवायचा, म्हणजे प्रकाश आरपार जाई आणि मागच्यांनाही चित्र दिसे, फक्त उलटं. डावा हात उजवा.

आमच्याकडे दारात प्रत्येकाने पेटीतून तिकीट काढायचं. त्यावर त्याचा धंदा आणि जागा. तुम्ही आज कल्हईवाला, जमीन. तुम्ही वकील, बाक. मग त्या जागी बसून मुलांनी केलेला पाच मिनिटांचा मुका सिनेमा बघायचा. भाषणापेक्षा हे बरं, असं मला वाटतं. नाटकी होईल का ही शंकाही आहे.

पडद्याची लाकडी चौकट रवींद्र करतोय. सहा वर्षं आम्ही ओकव्हिलहून एकाच लोकल गाडीने टोरोंटोला जातो, तो बँकेत, मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत. लाकूडकाम हा त्याचा शनिवार-रविवारचा छंद. नोव्हेंबरात गाडी बर्फाने चाळीस मिनिटं अडकली होती तेव्हा त्याने सांगितलं, त्याचे आजोबा नेवरगावच्याच बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, तंबूत, पडद्यासमोर बसून. वहीत ‘क्लॅरिनेटवाला सखाराम’ आहे. मी त्याला तिथेच सांगितलं. तो म्हणाला, “आणखी काही आहे का त्यांच्याबद्दल? आमच्याकडे फोटोसुद्धा नाही.” मी बघते म्हणाले.

सखारामचं तिकीट मी वेगळं ठेवलं आहे. पुढच्या शनिवारी रंगीत तालीम. ते रवींद्रच्या हातात पडायला हवं. त्याला किती बरं वाटेल.

१९ मार्च, रविवार

काल तालीम झाली. घडलं तसं लिहिते, मग मत देते.

कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये चाळीसेक जण. सुरुवात छान. चारुदत्तला, आमच्या अध्यक्षाला, खाटीक आला. तो म्हणाला, “घरी कोणी विचारलं तर मी शिंपी होतो असं सांगा.” सगळे हसले. डॉ. दीनानाथांना पखालवाला आला, पडद्यामागे. डॉक्टर अडुसष्ट साली इथे आले, मंडळाच्या पहिल्या सात जणांतले. तिकीट चष्मा वर करून वाचलं आणि खिशात घातलं. मग खुर्चीत जाऊन बसले. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून मी काही बोलले नाही.

रवींद्र आला तेव्हा पेटीतून काढल्यासारखं करून मी ते तिकीट त्याला दिलं. त्याला सवय आहे सगळं मोठ्याने वाचायची, आवाज चांगला आहे. त्याने वाचलं. “तुम्ही सखाराम, क्लॅरिनेटवाला. दार मागचं. बायको-मुलांची जागा पडद्यामागे.” इथे तो थांबला. खालची ओळ त्याने वाचली नाही. ती शेजारी उभ्या प्रभाताईंनी, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोने, वाकून वाचली. “आपल्या मंडळाचे रवींद्र यांचे आजोबा.” आणि म्हणाल्या, “अगं बाई, हो का? म्हणजे ताल तुमच्या रक्तातच म्हणायचा. मग यंदा गणपतीच्या मिरवणुकीत आम्ही बाहेरून कशाला कोणाला बोलवायचं?”

कोणीतरी टाळी वाजवली. त्यांचा हेतू कौतुकाचा होता, हे मी शपथेवर सांगेन.

रवींद्रने मला विचारलं, “मृणालताई, हे पेटीतून आलं, का तुम्ही दिलं?”

मी खोटं बोलत नाही. “मी दिलं,” म्हणाले. “तुमच्यासाठीच वेगळं ठेवलं होतं.”

त्याने तिकिटाची घडी केली, आणखी एक घडी केली, कोट घेतला आणि अवनीला, त्याच्या मुलीला, म्हणाला, “चल.” ती मुलांच्या सिनेमात होती. ती अर्ध्यात गेली.

मत: सरप्राइज द्यायला नको होतं. बाकी तिकिटात चूक एकही नाही. वहीशी ताडून पाहिलेलं आहे.

२१ मार्च, मंगळवार

काल आणि आज रवींद्र गाडीत दिसला नाही. म्हणजे आमच्या डब्यात. आज युनियन स्टेशनला उतरल्यावर पुढच्या डब्यातून उतरताना दिसला. मी हात केला. त्याने पाहिलं आणि फोन कानाला लावला. फोन उलटा धरला होता.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन. खूप गोड बोलले. “तुझी मेहनत दिसते गं. पण ते पखाल वगैरे जरा काढून टाक. आमच्यासारख्या माणसांना ते विचित्र वाटतं. माझे वडील मामलेदार होते, तुला माहीतच आहे.” मी म्हटलं, काका, पेटीतून कोणालाही काहीही येऊ शकतं, तोच मुद्दा आहे. ते म्हणाले, “मुद्दा आहे, पण वयही आहे.” जेवायच्या आत मी पखालवाल्याचं तिकीट पेटीतून काढलं. वडीलधाऱ्यांशी त्यावरून वाद घालणं बरं दिसलं नसतं. ज्येष्ठांची तिकिटं आता आधीच ठरलेली, सगळी खुर्ची किंवा बाक.

२५ मार्च, शनिवार

मिसिसागातल्या भारतीय ग्रोसरीच्या दुकानात नीलिमा भेटली, रवींद्रची बायको. मेथीच्या जुड्या निवडत होती. मीच जवळ गेले.

“नीलिमा, रवींद्र माझ्याशी बोलत नाही.”

“हो का. कामात असतील.”

“मी त्यांचा मानच केला होता.”

तिने जुडी खाली ठेवली. “ताई, तुम्ही आमच्याकडे किती वेळा जेवलात?”

“मोजलं नाही.”

“आम्हीही नाही मोजलं. पण परवा प्रभाताईंचा फोन आला होता. अवनीला विचारत होत्या, बेटा, तुझे आईकडचे लोक काय करायचे? सतरा वर्षांची आहे ती. तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. इथे येऊन वीस वर्षं झाली, मंडळात आम्हाला आडनाव विचारून झालं की लोक गाव विचारतात, गाव सांगितलं की आळी विचारतात. आम्ही हसून पोळ्या वाढतो. आता कोणाला विचारायलाच नको. तुम्ही छापूनच दिलंत.”

मी म्हटलं, “आपण इथे कॅनडात राहतो. इथे हे कोण मानतं?”

“मग छापलंत कशाला?” ती म्हणाली, आणि मेथी न घेता गेली.

घरी विक्रमला सांगितलं. तो म्हणाला, “तू आधी विचारायला हवं होतंस.” मी म्हटलं, त्याने ‘कोणाला सांगू नका’ असं म्हटलं नव्हतं. विक्रम म्हणाला, “मृणाल, तू घर चालवतेस का कोर्ट?” चहा न पिता बेसमेंटमध्ये गेला.

मला राग आला आहे हे लिहायला हवं. नीलिमाचा, विक्रमचा, रवींद्रचाही. कलावंत आजोबा असणं ही लपवायची गोष्ट आहे का? मी तर अभिमानाने सांगितलं असतं. मला असा आजोबा नाही.

२ एप्रिल, रविवार

कमिटीची मीटिंग चारुदत्तच्या घरी. त्याचं म्हणणं, बँडवाल्याचं तिकीट कोणत्याही परिस्थितीत ठेवायचं, सगळ्यात इमोशनल तेच आहे. “फक्त रवींद्रचं नाव काढू. सगळ्यांना माहीत आहेच आता.” मी म्हटलं, नाव काढलं तर पुरावा जातो. प्रभाताई म्हणाल्या, “काहीही म्हणा, मला तर आधीपासून वाटत होतं हो. त्याचा उच्चार इतका शुद्ध आहे ना, जरा जास्तच. मुद्दाम कमावल्यासारखा.” एकदोघांनी खाली पाहिलं. मीही खाली पाहिलं. विषय लाडवांवर गेला.

परत येताना गाडीत बसल्यावर वाटलं, तिथेच काहीतरी बोलायला हवं होतं. काय ते सुचत नव्हतं. अजून सुचलेलं नाही.

मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून रवींद्र बाहेर पडला. ‘लेफ्ट’ अशी ओळ आली, तिच्याखाली लगेच कोणीतरी गुढीपाडव्याच्या श्रीखंडाचा उरलेला फोटो टाकला.

९ एप्रिल, रविवार

राजसने विचारलं, “आई, व्हाय इज अवनी नॉट डूइंग द मूव्ही एनीमोअर?” मी सगळं नीट, दोन्ही बाजू धरून सांगितलं. तो दुधातलं सीरियल खात ऐकत होता. म्हणाला, “सो द डॉक्टर गॉट टू स्वॉप हिज.”

मी म्हटलं, ते वेगळं आहे.

“हाउ?”

मी त्याला भांडं सिंकमध्ये ठेवायला सांगितलं.

१५ एप्रिल, शनिवार

चौकटीचं काय ते विचारायला रवींद्रकडे गेले. फोन उचलत नाही, मग काय करणार. गॅरेजचं दार उघडं होतं. बर्फ वितळून ड्राइव्हवेवर मिठाचे पांढरे डाग पडलेत. तो घासकागदाने लाकूड घासत होता. थांबला नाही.

“या मॅडम.”

सहा वर्षांत मॅडम कधी म्हटलं नव्हतं.

“चौकट वेळेवर मिळेल,” तो म्हणाला. “मी शब्द दिलाय. हॉलवर आणून ठेवीन. मी थांबणार नाही.”

मी माफी मागितली. नीट मागितली, ‘तुम्हाला वाईट वाटलं असेल तर’ असं म्हटलं नाही, हे मी मुद्दाम टाळलं. म्हटलं, विचारायला हवं होतं, चुकले. मग म्हटलं, पण त्यांचं काम विसरलं जाऊ नये एवढंच मला हवं होतं.

“कोणाचं काम?”

“तुमच्या आजोबांचं.”

“तुमच्या तिकिटावर त्यांचं काम कुठं होतं? क्लॅरिनेट हा एक शब्द. बाकी ओळी ते कुठून आत येतात आणि त्यांची बायको कुठे बसते.” आता त्याने कागद खाली ठेवला. “काय वाजवायचे, कोणाकडे शिकले, काही आहे? ते तुम्हाला माहीत नाही. मलाही नाही. दार तेवढं दोघांना माहीत आहे.”

त्याने लाकडावरचा भुसा फुंकला.

“आणि तुमचं तिकीट कुठंय?”

“माझं?”

“चाळीस तिकिटं केलीत. खाटीक, धोबी, शिंपी. कचेरीतला कारकून पेटीत दिसला नाही मला. तो कुठल्या दाराने यायचा?”

मी म्हटलं, वही त्यांची आहे, ते सांगणारे आहेत, म्हणून त्यांना बाहेर ठेवलं. स्वतःच्या घराचं कौतुक बरं दिसत नाही.

तो हसला. चांगलं हसू नव्हतं. “बरं. मी नोव्हेंबरात एक विचारलं होतं. वहीत आणखी काही आहे का त्यांच्याबद्दल? तुम्ही बघते म्हणालात.”

“बघितलं,” मी म्हटलं. “विशेष काही नाही.”

“ठीक आहे,” तो म्हणाला, आणि परत घासायला लागला.

२२ एप्रिल, शनिवार

आठवडाभर हे लिहायचं टाळलं. नोव्हेंबरात लिहिणं का थांबलं तेही इथेच येतं, म्हणून एकदाच लिहिते.

वहीत आहे. पान एकेचाळीस ते त्रेचाळीस. गाडी अडकली त्या दिवशी घरी येऊन मी ती पानं काढून वाचली होती.

१९१६च्या डिसेंबरात सखारामने कचेरीत अर्ज केला, माझ्या बायकोला पुढच्या बाजूला जमिनीवर, बायकांच्या कनातीत बसू द्यावं, पूर्ण दर देतो. कारण दिलं आहे की मी समोर बसून वाजवतो त्याची पडद्यावरची सावली तेवढी तिला उलट्या हाताने दिसते. पणजोबांचा शेरा: ‘वाचून दप्तरी ठेवला.’ जानेवारीत दुसरा अर्ज. शेरा: ‘असे अर्ज यापुढे घेऊ नयेत.’ फेब्रुवारीत तिसरा. त्यावर पणजोबांनी तंबूच्या मालकाला निरोप पाठवला आणि सखारामला उरलेला हंगाम कामावरून काढायला लावलं. खाली लिहिलंय, ‘अक्षर वळणदार आहे. कोणाकडून लिहवून घेतला याची चौकशी केली. स्वतःच लिहिला म्हणतो. पटत नाही.’

तिसरा अर्ज वहीत चिकटवलेला आहे. मूळ कागद, त्या वेळच्या शाईचा. अक्षर खरोखर वळणदार आहे. खाली सखारामची सही.

मी लायब्ररीत काम करते. कागद लपवणाऱ्या लोकांबद्दल मी दर महिन्याला कोणाला तरी कडक ईमेल लिहिते.

तिकिटावर जागा नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं होतं. चार ओळींची जागा होती. त्या मीच ठरवल्या.

तरी एक प्रश्न प्रामाणिकपणे उरतो. पणजोबा त्या काळाचे होते, हुकूम वरून आलेले असणार. वहीत इतर ठिकाणी ते फार सज्जन दिसतात. प्लेगच्या झोपड्यांमध्ये औषधं वाटत फिरले. माणसाला एका पानावरून तोलावं का? हे लिहिताना लक्षात येतं की सखारामला मी एका दारावरून तोललं, आणि तेव्हा हा प्रश्न मला पडला नव्हता.

५ मे, शुक्रवार

आज चौकट आली. मी हॉलवर पोचायच्या आधी तो ठेवून गेला होता. सहा भाग, प्रत्येक सांध्यावर पेन्सिलीने आकडे, आणि जोडायची पद्धत एका कागदावर, इंग्रजीत, कोणाच्याही नावाने नाही. चारुदत्तने वीस मिनिटांत उभी केली. कुठे एक फट नाही. “ग्रेट जॉब, माणूस जरा टची आहे एवढंच,” तो म्हणाला. मी म्हटलं, टची नाही. त्याने “काय?” विचारलं. मी म्हटलं, काही नाही, पडदा ताण.

घरी येऊन बँडवाल्याचं तिकीट फाडलं. कमिटीला सांगितलेलं नाही. हे धैर्य नव्हे हे मला कळतं. पण उद्या ते कोणाच्या हातात गेलं असतं ते मला बघवलं नसतं.

६ मे, शनिवार

कार्यक्रम झाला. लोकांना फार आवडला. तीनशे माणसं. सगळ्यात गर्दी पडद्यामागे. तिथे उलटं दिसतं म्हणून सगळे फोटो काढत होते. बाकाची तिकिटं असलेलेसुद्धा उठून मागे गेले. रांग लागली. एक तरुण मुलगी म्हणाली, “इकडचं एक्सपीरियन्स जास्त ऑथेंटिक आहे.” डॉक्टर पहिल्या खुर्चीत होते आणि शेवटपर्यंत तिथेच होते. नंतर माईक घेऊन म्हणाले, आपल्या पूर्वजांचं जीवन किती समृद्ध होतं, सगळे कसे एका तंबूत आनंदाने बसत. टाळ्या.

मी माईकपासून दहा पावलांवर होते. अंतर मोजलं, कारण त्या वेळी दुसरं काही करत नव्हते.

प्रभाताईंनी मला मिठी मारली. म्हणाल्या, “त्या रवींद्रने उगीच मनाला लावून घेतलं बघ. आला असता तर त्याचंही कौतुक झालं असतं.” मी म्हटलं, “प्रभाताई, त्याने मनाला लावून घेतलं नाही. मी त्याला लावलं. आणि तुम्ही त्याच्या मुलीला फोन करून तिच्या आईचं घराणं विचारलंत.” माझा आवाज जरा मोठा झाला असावा. त्यांचा चेहरा एकदम कोरा झाला. “मी प्रेमाने विचारलं होतं,” त्या म्हणाल्या. मला त्यांच्यावर विश्वास आहे, आणि त्याचंच वाईट वाटतं. चारुदत्त माझ्याकडे असं बघत होता की पुढच्या वर्षी मला अर्धा तास मिळणार नाही. विक्रमने माझा कोट आणून दिला.

७ मे, रविवार

सकाळपासून दोन फोन आले, उचलले नाहीत. ग्रुपवर माझ्याबद्दल बोलणं चालू आहे, म्हणजे माझं नाव कोणी घेत नाहीये.

नागपूरला सुधाकरकाकांना फोन केला. वही त्यांनीच मला दिली होती. तीन पानांबद्दल सांगितलं. ते म्हणाले, “मला माहीत आहेत ती. म्हणून तर तुझ्याकडे कॅनडात पाठवली. इथे कोणीतरी पाहिली असती.” मग म्हणाले, “घरातली गोष्ट घरात ठेव.” मी म्हटलं, तो कागद आपल्या घरातला नाही, काका. आपल्या घरात चिकटवलेला आहे. ते म्हणाले, तुम्ही तिकडे राहून फार शिकता. फोन ठेवला.

दुपारी ते पान ब्लेडने सोडवता येईल का ते बघितलं. खळ जुनी आहे, कागद फाटेल. स्कॅन करून ईमेल करावी असंही वाटलं, व्यवस्थित, दोन ओळी लिहून. मग लक्षात आलं की तसं केलं म्हणजे दार उघडताना त्याचा चेहरा बघावा लागणार नाही, म्हणून ते सुचतंय. तो वही परत देईल की नाही माहीत नाही. मला आत घेईल की नाही तेही नाही.

उद्या: संध्याकाळी ऑफिसातून परस्पर रवींद्रकडे जाणे. वही नेणे. आख्खी.